परवलीचा शब्द आणि दाराची कडी

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या शाळेची सहल कोरीगडावर गेली होती. मुळशी तालुक्याच्या पश्चिम अंगास, पेठ शहापूर गांवाच्या माथ्यावर हा गड उभा आहे. पायऱ्या चढून आम्ही गणेश दरवाजापाशीं विसावलों, तेव्हां नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, रात्रीं दरवाजा लावल्यावर बाहेरून हांक मारणारा माणूस आपला कीं परका, हें पहारेकऱ्यास कसें कळे?" आम्हीं सांगितलें, "परवलीच्या शब्दावरून. ठरलेला शब्द जो बरोबर सांगेल तो आपला. ज्यास तो सांगतां येणार नाहीं तो परका." मुलानें क्षणभर विचार केला व म्हटलें, "पण जो दरवाजापाशीं येतच नाहीं, त्याला शब्द कोण विचारणार?"

प्रश्न वयाच्या मानानें मोठा होता, आणि त्याचें उत्तर त्याच गडाच्या इतिहासांत आहे. १८१८ च्या मार्च महिन्यांत इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरनें कोरीगडास वेढा घातला. तोफांचा मारा करूनहि गड हातीं येईना. शेवटीं १४ मार्च रोजीं एक गोळा गडावरील दारूकोठारावर पडला, कोठाराचा भडका उडाला, आणि गडकऱ्यांस गड सोडून द्यावा लागला. दरवाजा शाबूत होता कीं नाहीं, परवलीचा शब्द शत्रूस ठाऊक होता कीं नव्हता, यांस मग कांहींच महत्त्व उरलें नाहीं. शब्दाची सत्ता दरवाजापुरती. कोठारापर्यंत ज्याचा हात पोंचला त्याजवर ती चालत नाहीं.

संगणकास आपण जो पासवर्ड लावतों तो म्हणजे हाच परवलीचा शब्द होय. त्याजवर आपला केवढा विश्वास असतो, आणि तो विश्वास कोठपर्यंत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचें योजिलें आहे. विषय थोडा यांत्रिक आहे. परंतु विद्यार्थ्यांनीं लक्ष देऊन वाचल्यास त्यांत कठीण असें फारसें नाहीं.

संगणकाच्या दारांत शब्द विचारण्याची रीति फार जुनी नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं एकच संगणक अनेकांनीं एकाच वेळीं वापरण्याची पद्धति प्रत्यक्ष करून दाखविली. यंत्र एक आणि माणसें अनेक, म्हणून प्रत्येकाचे कागद निराळे राहावेत आणि प्रत्येकास नेमून दिलेला वेळ त्यालाच मिळावा, यासाठीं प्रत्येकास एक गुप्त शब्द देण्यांत आला. पुढें लवकरच गंमत झाली. ॲलन शेर नांवाच्या एका संशोधक विद्यार्थ्यास आपल्या वांट्याचा वेळ पुरेना. १९६२ सालीं त्यानें युक्ति केली ती अशी: सर्वांचे पासवर्ड ज्या फाइलींत होते ती फाइल कागदावर छापून मिळावी, अशी मागणी त्यानें रीतसर छिद्रांच्या कार्डावर लिहून शुक्रवारीं रात्रीं ठेवून दिली. शनिवारीं सकाळीं छापलेले कागद नेहमींच्या जागीं येऊन पडले होते. ते त्यानें जाऊन उचलले. पुढें अनेक वर्षांनीं ही हकीकत त्यानें स्वतःच सांगितली. त्यानें शब्द ओळखण्याचा प्रयत्न केला नाहीं कीं दार ठोठावलें नाहीं. शब्द जेथें ठेवले होते तेथें त्याचा हात पोंचला, इतकेंच.

यावरून शहाणे होऊन पुढील काळांतील रचनाकारांनीं शब्द जसाच्या तसा लिहून ठेवण्याचें सोडलें. शब्दावर एक असें गणित करावयाचें कीं, त्याचें उत्तर शब्दावरून सहज काढतां यावें, पण उत्तरावरून शब्द काढतां येऊं नये. आणि यंत्रांत तें उत्तर तेवढें ठेवावयाचें. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनीं युनिक्स पद्धतींतील या योजनेचें वर्णन १९७९ सालीं प्रसिद्ध केलें, आणि आजहि त्याच तत्त्वावर काम चालतें. यामुळें शब्दाची यादी चोरण्यास आळा बसला. परंतु कोरीगडावरील मुलाचा प्रश्न त्यानें सुटला नाहीं. तो प्रश्न आमच्या शाळेंतच एकदां आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळाला.

आमच्या कचेरींत एक जुना संगणक होता. त्याजवर काम करणारे वृद्ध कारकून सेवानिवृत्त झाले, व थोड्याच महिन्यांनीं त्यांस देवाज्ञा झाली. त्यांचा पासवर्ड दुसऱ्या कोणासहि ठाऊक नव्हता. नवा संगणक आला होता, तेव्हां जुना कोपऱ्यांत खिडकीखालीं धूळ खात पडला. पुढें एका पावसाळ्यांत ताम्हिणी घाटाच्या बाजूच्या एका गांवची आमची माजी विद्यार्थिनी वडिलांसह शाळेंत आली. परिचारिकेच्या शिक्षणासाठीं तिची निवड झाली होती, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत तिला चार दिवसांत हजर करावयाची होती. जनरल रजिस्टर काढून पाहतों तों छपराच्या गळतीनें तें पान भिजलेलें, शाई पसरलेली, आणि जन्मतारखेचा आंकडा वाचतां येईना. मुळशीचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. तीच नोंद कारकूनबुवांनीं जुन्या संगणकावर करून ठेवली होती. पण त्या संगणकाची कवाडें बंद. मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिचे वडील मात्र पुन्हां पुन्हां त्या बंद यंत्राकडे पाहत होते.

मुख्याध्यापकांच्या परवानगीनें आमच्या विज्ञानशिक्षकांनीं तें यंत्र मेजावर घेतलें. वरच्या वर्गांतील कांहीं मुलेंहि पाहावयास जमलीं. शिक्षकांनीं खिशांतून एक पेन ड्राइव्ह काढली, ती यंत्रास लावली, व यंत्र सुरू करतांना एक कळ दाबून आंतील डिस्कऐवजीं त्या पेन ड्राइव्हवरून चालू होण्यास त्यास सांगितलें. नेहमींचा पासवर्ड विचारणारा पडदा आलाच नाहीं. दुसराच पडदा आला, आणि त्यांत जुन्या डिस्कवरील सर्व फाइली उघड्या पुस्तकाप्रमाणें दिसूं लागल्या. सारे मिळून दहा मिनिटें लागलीं असतील. जन्मतारीख मिळाली, इतर कागदांशीं ताडून पाहिली, आणि मुलगी त्याच दिवशीं दाखला घेऊन गेली.

मुलांनीं टाळ्या वाजविल्या. शिक्षक मात्र गंभीर झाले. ते म्हणाले, "टाळ्या थांबवा, आणि ही यादी पाहा. येथें पंधरा वर्षांच्या मुलामुलींचीं नांवें आहेत, जन्मतारखा आहेत, पत्ते आहेत, वडिलांचे दूरध्वनि आहेत, कांहींचे आधार क्रमांकहि आहेत. हें यंत्र इतके दिवस त्या खिडकीखालीं होतें, आणि त्या खिडकीची कडी मोडलेली आहे. मला दहा मिनिटें लागलीं. चोरालाहि दहाच लागलीं असतीं." यावर कोणी बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सुतार बोलावून खिडकीस नवी कडी बसविण्यांत आली.

शब्द ठाऊक नसतां यंत्र उघडलें कसें? त्यामागील कारण असें: माहिती जेथें साठते ती जागा निराळी, आणि पासवर्ड विचारणारा निराळा. माहिती डिस्कवर साठते. पासवर्ड विचारते ती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक सुरू होतांना जागी होणारी एक मोठी आज्ञावलि. ती जागी असेपर्यंत तिच्या संमतीवांचून कोणास फाइल मिळत नाहीं. परंतु ती स्वतः त्याच डिस्कवर निजलेली असते, आणि तिला जागें करावयाचें कीं नाहीं हें यंत्र ज्याच्या हातीं असेल तो ठरवितो. त्यानें बाहेरची दुसरी सिस्टिम सुरू केली, तर ही दुसरी पहिलीचे नियम मानण्यास मुळींच बांधलेली नसते. याहूनहि सरळ मार्ग म्हणजे चार स्क्रू सोडवून डिस्क बाहेर काढावयाची व दुसऱ्या संगणकास जोडावयाची. पहारेकरी इमानी आहे, जागरूकहि आहे. पण त्याला झोंपेंत ठेवून घराची मागची भिंतच कोणी उचलून नेली, तर तो बिचारा काय करणार?

यावर कोणी म्हणेल कीं, सिस्टिम जागी होण्याच्याहि आधीं यंत्रानेंच शब्द विचारावा अशी सोय असते, ती करावी. सोय चांगली आहे, आणि सहज खोडी काढणाऱ्यास ती थोपविते. परंतु टेबलावरच्या पुष्कळ जुन्या संगणकांत हा शब्द मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीच्या आधारें राहत असे. बॅटरी काढून थोड्या वेळानें परत बसविली कीं यंत्र तो शब्द विसरून जाई. नव्या यंत्रांत ही पळवाट बहुतेक बुजविली आहे. तरी डिस्क काढून नेणाऱ्यास या शब्दाची अडचण पडत नाहीं.

ईमेलसारख्या ठिकाणीं पासवर्डाचा एवढा उपयोग कां होतो, हेंहि यावरून कळेल. आपलीं पत्रें ज्या यंत्रांत आहेत तें यंत्र दूर कोठें तरी कुलूपबंद इमारतींत असतें. चोरास तेथवर हात पोंचवितां येत नाहीं, म्हणून त्याला दारांतूनच यावें लागतें, आणि दारांत शब्द विचारला जातो. शब्दाच्या पाठीशीं तेथेंहि भिंत आहे. आमच्याच तालुक्यांत हिंजवडीचें राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान आहे. साऱ्या जगासाठीं संगणकाच्या आज्ञावलि लिहिणाऱ्या कंपन्या तेथें आहेत. एवढ्या विद्येच्या घरीं दारावर साधा मनुष्य पहारेकरी कशास, असें आमच्या मुलांस वाटे. विद्या आहे म्हणूनच तो पहारेकरी आहे, हें त्यांस आतां कळलें.

हा प्रकार जुन्यापान्या यंत्रापुरताच आहे असें कोणी समजूं नये. २०१० सालीं आपल्या देशांत या प्रश्नावर मोठा वाद झाला, व त्याचा संबंध महाराष्ट्राशींच आला. हैदराबादचे हरि प्रसाद, अमेरिकेंतील प्राध्यापक ॲलेक्स हॅल्डरमन व नेदरलंड्सचे रॉप गोंग्राइप यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक खरें मतदानयंत्र मिळवून त्याची परीक्षा केली. त्या यंत्रांतील मुख्य आज्ञावलि बाहेरून बदलतां येऊं नये अशी योजना होती, आणि ती बदलण्याच्या भरीस ते पडलेहि नाहींत. त्यांनीं आंकडे दाखविणारा भाग काढून हुबेहूब दिसणारा दुसरा बसवून दाखविला, जो खरे आंकडे सोडून निराळेच आंकडे दाखवी. दुसऱ्या प्रयोगांत त्यांनीं खिशांत मावेल असें एक चिमट्यासारखें उपकरण स्मृतीच्या चकतीस लावून तेथील मतें बदलून दाखविलीं. हें यंत्र मुंबईंतील जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यांतून गेलेलें आढळलें, आणि त्या प्रकरणीं हरि प्रसाद यांस ऑगस्ट २०१० मध्यें अटक झाली. कांहीं दिवसांनीं त्यांची जामिनावर सुटका झाली.

निवडणूक आयोगाचें म्हणणें असें पडलें कीं, यंत्रांस मोहोर असते, कुलूप असतें, पहारा असतो, सबब असा हात यंत्रापर्यंत पोंचूंच शकत नाहीं. या वादांत कोणाचा पक्ष खरा हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, एका मुद्यावर दोन्ही पक्षांचें एकमत होतें: यंत्राची सुरक्षितता अखेर त्याला कोण हात लावूं शकतो यावर अवलंबून आहे. पुढें २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मताची कागदी चिठ्ठी दाखविणारी जोड यंत्रें क्रमाक्रमानें बसविण्यास सांगितलें, व २०१९ च्या लोकसभा निवडणुकींत तीं सर्व मतदारसंघांत वापरलीं गेलीं. २६ एप्रिल २०२४ च्या निकालांत त्याच न्यायालयानें पुन्हां जुन्या मतपत्रिकांकडे जाण्यास नकार दिला. पण त्याबरोबरच यंत्रांत चिन्हें भरणारीं उपकरणें मोहोरबंद करून निकालानंतर निदान ४५ दिवस जपून ठेवावींत असेंहि फर्माविलें. एवढ्या आधुनिक यंत्राचा विचार करतांना न्यायालयास पेटी, मोहोर व कोठीची खोली यांचा विचार करावा लागला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मग यंत्र परक्याच्या हातीं गेलें तर सर्व संपलेंच काय? तसें नाहीं. त्यावर एक उपाय आहे, व त्यास कूटलेखन म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागदांचा एखादा रुमाल मोडी न येणाऱ्याच्या हातीं पडला, तर कागद त्याच्या हातीं येतो, मजकूर येत नाहीं. मात्र मोडी कोणासहि शिकतां येते. संगणकाचें कूटलेखन असें असतें कीं, त्याची रीत साऱ्या जगास ठाऊक असली तरी गुप्त किल्लीवांचून एक अक्षरहि उलगडत नाहीं. विंडोजच्या कांहीं आवृत्त्यांत बिटलॉकर, मॅकमध्यें फाइलव्हॉल्ट व लिनक्समध्यें लक्स या नांवानें संपूर्ण डिस्क अशी कूटांत ठेवण्याची सोय असते. हल्लींच्या बहुतेक मोबाइल फोनांत ती मुळांतच केलेली असते. अशा डिस्कवर आपला शब्द नुसता पहारेकऱ्याच्या कानांत सांगण्याचा शब्द राहत नाहीं. तो कुलुपाची किल्लीच होतो. आमच्या जुन्या संगणकाची डिस्क अशी असती, तर विज्ञानशिक्षकांच्या पेन ड्राइव्हला तीवर निरर्थक अक्षरांचा ढीग दिसला असता.

परंतु शब्द किल्ली झाला कीं त्याची बळकटी तपासावी लागते. डिस्क हातीं आलेला मनुष्य सवडीनें, कोणी हटकणारा नसतां, एकामागून एक शब्द लावून पाहूं शकतो. यासंबंधींचें गणित आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांनीं करून पाहावें. इंग्रजी २६ लहान अक्षरांपासून ८ अक्षरांचे शब्द सुमारें २०,८८२ कोटि होतात. सेकंदास १०० कोटि शब्द तपासणारें यंत्र असलें, तर सगळे तपासण्यास साडेतीन मिनिटें पुरतात. शब्द १२ अक्षरांचा केला तर त्याच यंत्रास सुमारें तीन वर्षें लागतील. आणि १६ अक्षरांचा केला तर तेरा लाखांहून अधिक वर्षें! चांगल्या कूटलेखनांत प्रत्येक प्रयत्न मुद्दाम सावकाश होईल अशीहि योजना असते, त्यामुळें चोराचें काम आणखी अवघड होतें. मात्र हें गणित अक्षरें कशींहि, अनपेक्षित रीतीनें निवडलीं असतील तरच खरें. गांवाचें नांव आणि त्यापुढें जन्मसाल असा शब्द कितीहि लांब असला तरी चोर तो आधीं लावून पाहतो. परस्परांशीं संबंध नसलेले पांच सहा शब्द एकापुढें एक ठेवले, तर ते लांबहि होतात आणि ध्यानांतहि राहतात.

कूटलेखनासहि मर्यादा आहेत, त्याहि सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अगदीं घरगुती आहे. शब्द देऊन यंत्र उघडलें, आणि तें तसेंच उघडें टाकून आपण चहास गेलों, तर येणाऱ्याजाणाऱ्यास डिस्क खुलीच आहे. दुसरी अशी कीं, यंत्र चालू असतांना कूटाची किल्ली त्याच्या तात्पुरत्या स्मृतींत असते. वीज गेली कीं ही स्मृति तत्क्षणीं पुसली जाते अशी समजूत होती. २००८ सालीं प्रिन्स्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं, व त्यांत वर उल्लेखिलेले हॅल्डरमन हेहि होते, दाखवून दिलें कीं वीज तोडल्यावरहि ती स्मृति कांहीं सेकंद, आणि चकत्या गार केल्यास कित्येक मिनिटें टिकते. तेवढ्यांत ती वाचून किल्ली काढतां येते. म्हणून प्रवासांत यंत्र नुसतें मिटूं नये, पूर्ण बंद करावें. तिसरी मर्यादा अशी कीं, कळफलक व संगणक यांच्या मधोमध एखादें बोटभर उपकरण कोणी गुपचूप जोडून ठेवलें, तर आपण दाबलेली प्रत्येक कळ तें टिपून घेतें. मग शब्द १६ अक्षरी असो कीं ६० अक्षरी. चौथी मर्यादा यंत्राची नाहीं, माणसाची आहे. २००५ सालीं पुण्यांत एक प्रकरण उघडकीस आलें. दूरध्वनीवरून परदेशी बँकेच्या ग्राहकांस साहाय्य करणाऱ्या कांहीं नोकरांनीं गोड बोलून त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेतले व त्यांच्या खात्यांतील पैसे वळविले. तेथें कोणतेंहि कुलूप फोडावें लागलें नाहीं. मालकानें आपल्या हातानें किल्ली दिली.

आतां या उपायाची दुसरी बाजू. जुन्या संगणकाचा प्रसंग पाहून आमच्या एका सहकाऱ्यांनीं आपल्या लॅपटॉपची डिस्क कूटांत ठेवली व लांब शब्द लावला. हें योग्यच केलें. पण अडचणीच्या वेळीं उपयोगी पडणारी जी परत-किल्ली यंत्र देतें, ती त्यांनीं कोठें लिहून ठेवली नाहीं. पुढें ते दोन महिने आजारी पडले, आणि बरे होऊन पाहतात तों शब्द आठवेना. मुळशी खोऱ्यांतील वृद्ध बायांच्या तोंडून त्यांनीं वीस वर्षें ओंव्या लिहून घेतल्या होत्या. त्या सर्व त्या डिस्कवर होत्या, आणि ज्यांनीं त्या सांगितल्या त्यांतील बऱ्याच बाया आज हयात नाहींत. विज्ञानशिक्षकांची पेन ड्राइव्ह येथें निरुपयोगी ठरली. पुण्यास नेऊन दाखविलें; जाणत्यांनीं मान हालविली. डिस्क आजहि त्यांच्या मेजाच्या खणांत आहे. कुलूप साधें होतें तेव्हां एका मुलीचें शिक्षण वांचलें, आणि कुलूप पक्कें केलें तेव्हां ओंव्यांचा ठेवा गेला, हें पाहून आमच्या मुलांनीं विचारलें कीं, मग कोणतें कुलूप चांगलें? आमचें उत्तर असें कीं, पक्कें कुलूपच चांगलें. पण त्याची दुसरी किल्ली आणि ठेव्याची दुसरी प्रत, हीं दोन्हीं निराळ्या घरीं ठेवण्याचें कष्ट ज्यानें घेतले त्यालाच तें लाभतें.

हा विचार मुळशीकरांस तर विशेष उपयोगी आहे. ज्या खोऱ्यांतील गांवें धरणाच्या पाण्याखालीं गेलीं, ज्यांच्यासाठीं १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला, त्या खोऱ्यांत जमिनीच्या नोंदीचें मोल कोणास शिकवावयास नको. ती नोंद, म्हणजे सातबारा, आतां संगणकावर आहे, आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला आहे. अशी स्वाक्षरी करणाऱ्या माणसापाशीं पुष्कळदां पेन ड्राइव्हसारखी एक छोटी वस्तु असते, व तिला एक गुप्त क्रमांक असतो. हातांतील वस्तु आणि मनांतील क्रमांक, दोन्हीं एकत्र आल्यावांचून सही होत नाहीं. योजना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. परंतु ती वस्तु मेजाच्या खणांत आणि क्रमांक त्याच खणांतील चिठ्ठीवर असला, तर दोन कुलुपांचें एकहि कुलूप राहत नाहीं. मग तो खण कचेरींतील असो, पतपेढींतील असो, कीं आपल्या घरांतील असो.

विद्यार्थ्यांस एक इशारा देणें अवश्य वाटतें. वर सांगितलेल्या युक्त्या समजून घेणें म्हणजे त्या दुसऱ्याच्या यंत्रावर करून पाहण्याचा परवाना नव्हे. आमच्या शिक्षकांनीं शाळेचें यंत्र, शाळेच्या परवानगीनें, सर्वांसमक्ष उघडलें. परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरणें हा माहिती-तंत्रज्ञान कायदा २००० अन्वयें दोष आहे. आणि दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणें वापरणाऱ्यास त्याच कायद्याच्या कलम ६६ग प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. कडी मोडलेली दिसली तर आंत डोकावूं नये, मालकास सांगावें. आमच्या खिडकीची मोडकी कडी इतके दिवस किती जणांनीं पाहिली असेल, आणि सांगितली एकानेंहि नाहीं, याची आम्हां सर्वांस लाज वाटली.

सारांश, पासवर्ड लांब असावा, पण त्याच्या भरंवशावर खिडकी उघडी टाकूं नये. ज्या यंत्रांत दुसऱ्यांची माहिती आहे तें कुलपाच्या खोलींत ठेवावें. त्याची डिस्क कूटांत ठेवावी. परत-किल्ली कागदावर लिहून, पाकिटांत घालून, निराळ्या जागीं जबाबदार माणसाच्या स्वाधीन करावी. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत दुसऱ्या घरीं असावी. मेजावरून उठतांना पडदा बंद करावा. आणि यंत्र मोडींत काढतांना त्याची डिस्क आधीं पुसावी किंवा फोडावी. यांत मोठी विद्या लागत नाहीं. रोज सायंकाळीं दार लावतांना कडी हातानें ओढून पाहण्याची जी संवय आपल्या घरांतील वडील माणसांस असते, तीच येथें लागते.

आमचा जुना संगणक आतां मोडींत गेला आहे. त्याची डिस्क शिक्षकांनीं मुलांच्या देखत फोडली, आणि तिचा एक तुकडा विज्ञानशाळेच्या कपाटांत ठेवला आहे. ती मुलगी आतां पुण्याच्या एका रुग्णालयांत परिचारिका आहे. कोरीगडावर प्रश्न विचारणारा विद्यार्थी यंदा दहावीस आहे. कचेरी बंद होण्याच्या वेळीं तो तिकडून जात असला, तर जातां जातां खिडकीच्या कडीस एकदां हात लावून पाहतो. आम्हीं त्याला तसें सांगितलेलें नाहीं.